एक प्रश्न, दोन काळ

प्रत्येक पिढीच्या वाट्याला एक प्रश्न येतो आणि तो तिला जन्मभर पुरतो. लग्नाची पंगत उठून पानसुपारी चाललेली असो, की आगगाडीच्या डब्यात अनोळखी माणसांची नुकती कोठे ओळख झालेली असो, बोलण्याच्या ओघात एखादी तारीख निघते आणि कोणीतरी विचारतो, "त्या दिवशी तुम्ही कोठे होतात?" मग ज्याने तोपर्यंत हुंकाराखेरीज संभाषणात काही भर घातलेली नसते, तोही सरसावून बसतो. राजकारणावर मत नसलेला मनुष्य सापडेल, पण या प्रश्नाला उत्तर नसलेला सापडावयाचा नाही. कारण त्या दिवशी प्रत्येक जण कोठे ना कोठे होताच!

माझ्या वडिलांच्या पिढीची तारीख ३० जानेवारी १९४८ ही होती. वडील त्या वेळी धुळ्यास नोकरीच्या शोधात आलेले बाविशीतले तरुण होते. आग्रा रोडवरील एका दुकानात रेडिओ होता. त्या दुकानासमोर माणसे जमली आणि दिल्लीस गांधीजींची हत्या झाल्याचे त्यांनी तेथेच उभे राहून ऐकले. ही हकीकत त्यांनी आम्हां भावंडांना अनेकदा सांगितली. परंतु गंमत अशी, की ‘तुम्ही कोठे होतात?’ या प्रश्नाचे त्यांचे उत्तर आग्रा रोडवरून कधीच सुरू होत नसे. ते सुरू होई फैजपूरपासून. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. दहा वर्षांचे वडील आपल्या चुलत्यांबरोबर बैलगाडीने तेथे गेले होते आणि गर्दीत कोणाच्या तरी खांद्यावरून त्यांनी गांधीजींना पाहिले होते. ते सगळे सांगून झाले, म्हणजे मग रेडिओ आणि दुकान यांची पाळी येई. लहानपणी मला हे विषयांतर वाटे. आता वाटते, की तेच खरे उत्तर होते. आपण कोणत्या रस्त्यावर उभे होतो यापेक्षा, जो गेला त्याचे आणि आपले नाते काय होते, हे त्यांना सांगावयाचे असे.

माझ्या पिढीच्या वाट्याला तारखा पुष्कळ आल्या. १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, आणि २६ नोव्हेंबर २००८. आमच्या घरी प्रश्न निघतो तो या शेवटच्या तारखेचा.

या प्रश्नाकडे पंडितांचेही लक्ष गेलेले आहे. कोलग्रोव्ह नावाच्या एका अमेरिकन संशोधकाने १८९९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अब्राहम लिंकन यांचा खून झाल्याची वार्ता कळली तेव्हा आपण कोठे होता, असे त्याने १७९ लोकांना विचारले होते. खून १८६५ सालचा; म्हणजे मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ लोटलेला. तरी १२७ जणांनी स्थळ, वेळ आणि बातमी सांगणारा मनुष्य यांसह सविस्तर उत्तरे दिली. पुढे १९७७ साली ब्राउन आणि कुलिक या दोघांनी अशा आठवणींची तुलना छायाचित्रकाराच्या झगझगीत दिव्याशी केली. एकदम प्रकाश पडतो आणि समोर जे असेल ते, भिंतीवरच्या खुंटीसकट, टिपले जाते, अशी त्यांची कल्पना.

कल्पना सुंदर खरी, पण तिला लवकरच तडा गेला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात आकाशात नष्ट झाले. नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कळली तेव्हा ते कोठे होते, हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतील ४४ जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांपैकी ११ जणांचे नवे उत्तर जुन्या उत्तराशी एकाही मुद्द्यात जुळले नाही. तरीही आपण सांगतो तेच खरे, याविषयी त्यांची खात्री मात्र जबर होती. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी असाच एक प्रयोग सुरू झाला. त्यावरूनही हेच दिसले, की अशा आठवणी साध्यासुध्या आठवणींइतक्याच झिजतात. झिजत नाही तो त्यांच्यावरचा आपला विश्वास.

हे सारे वाचले तेव्हा मला आमच्या घरचा वाद आठवला. आम्ही जळगावचे. माझी थोरली बहीण धुळ्यास दिलेली, आणि तिचा मुलगा त्या वेळी मुंबईत अंधेरीला नोकरीस होता. २८ नोव्हेंबरला, शुक्रवारी, माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. त्यासाठी ताईने धुळ्याहून गुरुवारच्या एस्.टी.ने यावयाचे आणि भाच्याने बुधवारी रात्री बोरीबंदरहून सुटणाऱ्या गाडीने पहाटे जळगावी उतरावयाचे, असा बेत. (स्थानकाचे नाव १९९६ सालीच छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले होते, परंतु आमच्याकडची वडीलधारी माणसे अद्यापि बोरीबंदरच म्हणतात.) त्या बुधवारची रात्र ताई सांगते ती अशी : ती मेथी निवडीत बसली होती, समोर दूरदर्शन संच चालू होता, आणि त्यावर तिने पहिली बातमी पाहिली. तिचे यजमान सांगतात, की त्या दिवसांत धुळ्यास भारनियमन इतके होते की रात्री बारापर्यंत घरात दिवाच नव्हता, मग संच कोठला? भाचा म्हणतो, मी पहिला फोन धुळ्यास केला. माझी पत्नी म्हणते, पहिला फोन जळगावी आला, कारण तो मीच उचलला. या वादाला पुष्कळ वर्षे झाली. दर दिवाळीस तो नव्याने निघतो आणि प्रत्येक जण आपापल्या जागी अधिकच पक्का होऊन उठतो. मी या वादात पंच होत नाही. चौघेही माणसे खरी आहेत, आणि नायसरसाहेबांनी सगळ्यांचीच सोय करून ठेवलेली आहे.

परंतु एका गोष्टीविषयी चौघांत तिळभरही मतभेद नाही. त्या रात्री साडेनवाच्या सुमारास बोरीबंदरवर गोळीबार सुरू झाला. प्रथम प्रथम कोणी म्हणत होते, गुंडांच्या दोन टोळ्यांची मारामारी आहे. थोड्याच वेळात ती समजूत मावळली. तेव्हापासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत धुळे आणि जळगाव या दोन घरांमध्ये एकच वाक्य जात-येत होते. भाच्याच्या भ्रमणध्वनीवरून उत्तर येत नव्हते. ताईच्या सासूबाई त्या वेळी ऐंशीच्या घरात होत्या. घरातील इतर मंडळी शुद्ध पुस्तकी मराठीत काळजी करीत होती, म्हातारी मात्र आपल्या अहिराणीत दर पाच मिनिटांनी विचारी, "मना नातू कोठे शे?" ताईने फोन केला की तिच्या आवाजामागून मला ते तीन-चार शब्द ऐकू येत. गोळीबार कोणी केला, का केला, कोणत्या देशाचे लोक आले, हे त्या माउलीने एकदाही विचारले नाही. "नातू कोठे शे?" एवढेच.

रात्री एक वाजून गेल्यावर फोन आला. भाचा दादरला गाडी बदलून बोरीबंदरकडे निघाला होता. ती लोकल भायखळ्यास थांबली आणि पुढे जाणार नाही असे कळले. त्याच्या फोनमधील विद्युतभार संपलेला. स्थानकाबाहेर आलेल्या पाच-सहा जणांना एका अनोळखी कुटुंबाने आपल्या चाळीतील खोलीत घेतले, पाणी दिले, आणि त्यांच्याच फोनवरून तो बोलत होता. "मामा, मी भायखळ्याला आहे." या एका वाक्याने दोन जिल्ह्यांतील दोन घरे जमिनीवर आली. म्हातारीला भायखळा ठाऊक नव्हते. ते कल्याणच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच तिने विचारले. आणि पलीकडे असले तरी तेथे तो आहे, हे ऐकून ती भिंतीला टेकून बसली.

मला जे सांगावयाचे आहे ते या दोन वाक्यांच्या व्याकरणात आहे. त्या रात्रीचा प्रश्न वर्तमानकाळी होता : ‘कोठे आहेस?’ आज आपण विचारतो तो भूतकाळी आहे : ‘कोठे होतास?’ शब्द जवळजवळ तेच. पण त्यांच्यामध्ये केवढे अंतर आहे! ‘कोठे होतास?’ असे ज्याला विचारले जाते तो समोर जिवंत बसलेला आहे, हे त्या प्रश्नात गृहीतच असते. त्यात धोका नाही. थोडी कथा आहे, थोडे आत्मकौतुकही आहे. ‘कोठे आहेस?’ हा प्रश्न असे काहीही गृहीत धरीत नाही. पहिल्या प्रश्नात मध्यभागी आपण असतो. दुसऱ्यात आपण नसतोच, तेथे दुसराच कोणी असतो. जसजशी वर्षे जातात तसतसे आपण नकळत पहिल्या प्रश्नाकडे सरकतो आणि दुसरा विसरतो. मेथीची जुडी आठवते, भारनियमन आठवते. ज्याच्या काळजीने ती जुडी हातातून गळून पडली, तो वादात मागे पडतो.

दुसरीही एक गोष्ट मागे पडते. २६ नोव्हेंबर म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर उभा राहील. ते साहजिकच आहे. हॉटेलांतील चकमक २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालली आणि देशातले सगळे कॅमेरे त्या घुमटावर रोखलेले होते. पण त्या हल्ल्यात एकंदर १६६ माणसे मेली, त्यांपैकी पन्नासाहून अधिक बोरीबंदर स्थानकात. एका जागी इतके बळी दुसरीकडे कोठेच गेले नाहीत. तेथील संहार दीड तासाच्या आतच आटोपला होता. कॅमेऱ्यांना दाखवावयास तेथे फार काळ काही उरले नाही. जी माणसे तेथे मारली गेली, ती लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत वळकट्यांवर, पेट्यांवर, नुसत्या फरशीवर बसलेली होती. तो दिवाणखाना खानदेशी माणसाला चांगला ओळखीचा आहे. मुंबई ते जळगाव हे अंतर लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर. कल्याण, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड, चाळीसगाव अशी ती वाट. धुळ्याच्या माणसाला चाळीसगावी उतरून फाट्याची गाडी धरावयाची असते. या वाटेने शिक्षणास गेलेले, नोकरीस गेलेले, दवाखान्यास गेलेले आमच्याकडचे किती लोक त्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसले असतील याची गणती नाही. ताजच्या घुमटाखाली आमच्या घरातले कोणी कधी बसलेले नाही. तरीही आम्हांला आठवतो तो घुमट. याचा अर्थ असा, की आपल्या आठवणीवर आपल्या काळजीपेक्षा पडद्याचा हक्क अधिक चालतो. आपण ज्याच्यासाठी जागलो ते स्थळ पुसट झाले आणि जे आपल्याला दाखविले गेले ते ठसठशीत राहिले.

आणि जे फारसे दाखविलेच गेले नाही, त्याचे काय? धुळ्यापासून मालेगाव सुमारे पन्नास किलोमीटर. धुळ्याहून मुंबईस जाणारी एस्.टी. मालेगावावरूनच जाते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तेथील मशीद आणि कबरस्तान यांच्या परिसरात स्फोट होऊन तिसाहून अधिक माणसे मेली. २९ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे मुंबईच्या हल्ल्याच्या दोनच महिने आधी, तेथे पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण दगावले. ताईच्या घरापासून मालेगाव मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. परंतु ‘मालेगावचा स्फोट झाला तेव्हा तुम्ही कोठे होतात?’ असे आमच्या पंगतीत कोणी कोणाला विचारलेले मी ऐकले नाही. जळगाव-धुळ्यातही अशी घरे खचित असतील, की जेथे हा प्रश्न निघतो, जेथे त्या शुक्रवारी मालेगावच्या नातलगांना फोन लावता लावता बायकांची बोटे थकली असतील. तेथेही प्रश्न ‘कोठे आहेस?’ हाच असणार, त्याच धास्तीने. आम्ही त्या पंगतीत बसलेलो नसतो, एवढेच. कोणत्या तारखेचा प्रश्न निघावा हे तारखेच्या भीषणतेवर ठरत नाही. तो विचारणाऱ्याचे आप्त कोठे राहतात यावर ठरते. वडिलांच्या फैजपूरचा अर्थ मला येथे पुन्हा लागतो.

मग हा भूतकाळी प्रश्न अगदीच पोकळ आहे काय? नाही. एका जागी तो फार मोलाचा ठरला, आणि ती जागा म्हणजे न्यायालय. जिवंत सापडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याच्यावरील खटला मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात चालला. सरकारतर्फे तो चालविणारे उज्ज्वल निकम हे मूळचे आमच्या जळगावचे वकील. त्यामुळे इकडील कचेरीच्या आवारापासून ते केळीच्या वखारीपर्यंत त्या खटल्याच्या वार्ता घरच्यासारख्या वाचल्या जात. सहाशेहून अधिक साक्षीदार झाले. त्यांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगीही होती. बोरीबंदरवर वडील आणि भाऊ यांच्याबरोबर पुण्याच्या गाडीची वाट पाहत असता तिच्या पायात गोळी शिरली होती. ती कुबडीच्या आधाराने न्यायालयात आली आणि आरोपी तिने ओळखून दाखविला. ‘त्या वेळी तू कोठे होतीस?’ हाच प्रश्न तिलाही होता. परंतु पानसुपारीच्या वेळी आपण देतो त्या उत्तरात आणि त्या मुलीच्या उत्तरात जो फरक आहे, तो आठवण आणि साक्ष यांतला फरक आहे. आठवण आपण आपल्यासाठी सांगतो. साक्ष जे बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी द्यावयाची असते. म्हणून आठवणीला खुलविण्याची मुभा आहे आणि साक्षीला उलटतपासणी आहे. ६ मे २०१० रोजी न्यायाधीश ताहिलियानी यांनी फाशीची शिक्षा सुनावली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात ती अमलात आली. या सगळ्या प्रक्रियेला चार वर्षे लागली. त्या विलंबाविषयी तेव्हा पुष्कळांनी त्रागा केला. मला मात्र त्यात समाधान वाटले, ‘कोठे होतास?’ हा प्रश्न एवढ्या गंभीरपणे, एवढ्या माणसांना, शपथेवर विचारला गेला, यात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे.

काही माणसांना तर हा प्रश्न विचारण्याची गरजच नाही, इतके त्यांचे स्थळ निश्चित आहे. स्थानकावरील उद्घोषक विष्णु झेंडे आपल्या खोलीत होते आणि समोर गोळीबार चालला असता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याच्या सूचना देत होते. पोलीस तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर होते आणि कसाबच्या बंदुकीची नळी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला आणि ओंबळे मात्र राहिले नाहीत. आपण कोठे होतो हे त्यांच्या शेजारी सांगताना आवाज थोडा खाली यावा, हे बरे.

पूर्वी आमच्याकडे कोणी परगावी गेला म्हणजे तेथून पोस्टकार्ड येई. त्यात मजकूर असा फारसा नसे. ‘सुखरूप पोचलो, काळजी नसावी’, एवढे असले की पत्र सार्थकी लागले. याला खुशालीचे पत्र म्हणत. लहानपणी मला वाटे, की ज्यात काहीच बातमी नाही असे पत्र लिहावेच कशाला? त्या नोव्हेंबरच्या रात्रीनंतर कळले, की याहून मोठी बातमी माणसाला माणूस देऊच शकत नाही. ‘कोठे आहेस?’ या न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर असे. ज्या घरी ते येऊन पोचते तेथे तो प्रश्न हळूहळू भूतकाळात जातो, त्याची गोष्ट होते, गोष्टीवरून दिवाळीत वाद होतात. ज्या घरी ते आले नाही तेथे तो वर्तमानकाळातच अडकून राहतो. त्याला भूतकाळ करण्याचे सामर्थ्य फाशीच्या निकालातही नसते.

माझी मुलगी आता मुंबईसच असते. तिचा साखरपुडा त्या शुक्रवारी झाला नाही; पुढे पंधरा दिवसांनी झाला आणि भाच्याने त्यात वाढपाचे काम केले. नातवंडे आता विचारू लागली आहेत, "आजोबा, तुम्ही तेव्हा कोठे होता?" मी जळगावी होतो, घरात होतो, फोनपाशी होतो, एवढ्यात माझे उत्तर संपते. मग मी त्यांना त्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीची गोष्ट सांगतो. तिला भायखळा कोठे आहे हे ठाऊक नव्हते. आपला नातू कोठे आहे, एवढेच तिला हवे होते.